कुत्र्याचं झबलं

"आणि सोमवारी?"

ताइसियानं दुसऱ्यांदा विचारलं. तिच्या एका हातात फॉर्म होता, दुसऱ्या हातात कुत्र्यांसाठी शिजवलेल्या खिचडीचा डाव, आणि पायांत चिखलानं माखलेले गमबूट. मागच्या पिंजऱ्यांतून पन्नासेक कुत्री एका सुरात भुंकत होती.

झूराकानला प्रश्न कळला होता. सकाळी सहाला तिनं प्रसूतिगृहाच्या धुलाईघरातलं पहिलं यंत्र सुरू केलं होतं, दोनला शेवटच्या चादरीची घडी घातली होती, आणि दोन मिनीबस बदलून बिश्केकबाहेरच्या ह्या आश्रयघरात ती पोचली होती. तिचे डोळे उघडे होते, पण त्यांच्यामागं कुणी जागं नव्हतं.

"रविवारचं समजलं मला, एजे," ताइसिया म्हणाली. ती रशियन होती, पण इथंच जन्मलेली, आणि वयानं मोठ्या बाईला सगळे म्हणतात तसं एजे म्हणायची. "उद्या नातवाचे चाळीस दिवस भरतात. त्याचं पहिलं झबलं कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं, त्यात खाऊच्या गोळ्या भरायच्या, पोरं मागं धावणार, बाळाचं दुखणं कुत्रा घेऊन जाणार. छान आहे. पण तुमचा सण संपला की ह्या जिवाचं काय? गेल्या वर्षी एकजण असंच कुत्रं घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी आम्हाला ते महामार्गावर सापडलं. झबल्याची गाठ गळ्यात तशीच होती."

झूराकान खाली मान घालून आपल्या हातांकडे बघत राहिली. बत्तीस वर्षं सोडा आणि वाफ खाल्लेले हात. बोटांची टोकं सदाची सुरकुतलेली, जणू आत्ताच पाण्यातून काढली.

"गल्लीत कुत्री नाहीत का तुमच्या?"

"आहेत की. आज आहेत. मंगळवारी पालिकेची गाडी येते, बंदूक घेऊन." झूराकान म्हणाली. "माझ्या नातवाचं दुखणं ज्याच्या गळ्यात बांधलं, तो मंगळवारी पाटाच्या कडेला मरून पडलेला मला बघायचा नाही. म्हणून इथं आले. ज्याला कुणी गोळी घालणार नाही असा द्या."

ताइसियानं डाव बादलीत ठेवला आणि पेन काढलं. "घरात माणसं किती?"

"मी."

"नवरा?"

"सहा वर्षं झाली त्याला जाऊन."

"मुलं?"

"एक," झूराकान म्हणाली. "मुलगा. एर्मेक. रशियात असतो, इमारतींवर काम करतो." हे उत्तर तिला पाठ होतं. डॉक्टरांना, जनगणनेवाल्यांना, मिनीबसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला ती वर्षानुवर्षं हेच देत आली होती. एक.

"छोटी पिल्लं सगळी गेली," ताइसिया म्हणाली. "उरलाय तो हा. पुढं बघा, त्या बादलीमागं."

बादलीमागं एक पिल्लू लपलं होतं. म्हणजे त्याचं नाक लपलं होतं. बाकीचा सगळा देह बाहेर होता. सात महिन्यांचं, पण वासराएवढं. अंगाचा रंग मार्चअखेरच्या बर्फासारखा, ना पांढरा ना मातकट. पंजे तंदुरातल्या नान-रोटीएवढे. एक कान उभा, एक पडलेला. आई मेंढपाळांची अलाबाई कुत्री होती. बाप कोण ते आईलाच ठाऊक.

"नाव श्काफ," ताइसिया म्हणाली. "म्हणजे कपाट. इथं काम करणाऱ्या मुलींनी ठेवलं. तीनदा लोक बघून गेले त्याला. केवढा होईल, खाईल किती, असं विचारतात आणि जातात. माणसांना घाबरतो. दोरी दिसली की जमिनीला चिकटतो. तुम्ही बसा त्याच्याजवळ जरा. मी माझ्या सोबतिणीला फोन करते. घर बघितल्याशिवाय आम्ही देत नाही कुणाला, आणि उद्याच रविवार."

झूराकान एक रिकामी बादली पालथी घालून पिंजऱ्यात बसली. पिल्लानं तिच्याकडे पाहिलं नाही, तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही. एप्रिलचं ऊन जाळीतून तुकड्यातुकड्यांनी येत होतं. तिनं डोळे मिटले, एकच क्षण, असं म्हणून.

डोळे उघडले तेव्हा पायावर काहीतरी जड होतं. आधी वाटलं पाय बधिर झाला. मग पाहिलं तर पिल्लू होतं. हनुवटी तिच्या बुटावर ठेवून गाढ झोपलेलं. समोर ताइसिया उभी होती.

"किती वेळ झाला?" झूराकान ओशाळली.

"अर्धा तास. तुम्ही घोरत होतात." ताइसियाच्या ओठांची एक बाजू हलली. "तोही."

झूराकाननं पाय काढला नाही. बुटावरच्या त्या ओझ्याकडे बघत ती सावकाश म्हणाली, "सोमवारी मला सहाची पाळी आहे. साडेचारला उठीन. रश्श्यात नान भिजवून त्याच्यापुढं ठेवीन. मग जाईन. दोनला सुटले की परत येईन."

"एवढंच?"

"माझं रोज एवढंच असतं, बाई. आता दाराशी कुणीतरी वाट बघत असेल."

ताइसियानं फॉर्मवर सही केली.

घर बघायला ती स्वतःच आली, आपल्या जुन्या गाडीतून, मागच्या सीटवर श्काफ आणि त्याच्या लाळेनं भिजलेली झूराकान. वस्ती नवी होती, म्हणजे वीस वर्षांपूर्वी नवी होती. मातीच्या विटांची घरं, दारापुढून वाहणारा पाट, पाटाकाठी चिनार. झूराकानच्या अंगणात जर्दाळूचं एक झाड होतं आणि ते त्या आठवड्यात पांढरंशुभ्र फुललं होतं. भिंतीत एक लोखंडी कडी होती.

"ही कशासाठी?" ताइसियानं लगेच विचारलं.

"गाईसाठी."

"गाय कुठंय?"

"विकली. नवऱ्याच्या आजारपणात."

"साखळी बांधायची नाही, एजे. कागदावर लिहिलंय. आणि दर सोमवारी मला फोटो पाठवायचा. फोटो आला नाही तर मी येईन, आणि मी आले तर एकटी परत जाणार नाही."

"असंच करावं," झूराकान म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं.

गुरुवारी एर्मेकबरोबर काम करणारा एक माणूस सुट्टीला आला होता आणि पिशवी देऊन गेला होता. पिशवीत सुनेनं पाठवलेला चहा, बाळाचा फोटो, आणि झबलं. हेच झबलं झूराकाननं जानेवारीत स्वतः शिवून तिकडं पाठवलं होतं. काठ न दुमडलेलं, शिवण बाहेरच्या अंगाला ठेवलेलं, म्हणजे बाळाच्या कातडीला टोचत नाही. कापड सासूच्या डोईच्या रुमालाचं. सासू त्र्याण्णव वर्षं जगली. अशा माणसाच्या कापडातूनच ते शिवायचं असतं, आयुष्य कापडातून उतरतं म्हणून. पहिले काही आठवडे बाळानं ते घालायचं आणि चाळिसाव्या दिवशी कुत्र्याला द्यायचं.

"इथं कुठं बांधू, आपा?" एर्मेक फोनवर म्हणाला होता; आईला तो आपा म्हणायचा. "एका खोलीत तीन कुटुंबं आहोत. खालच्या मजल्यावर एक कुत्रं आहे, उंदराएवढं. त्यालाच मालकीण स्वेटर घालते. आपलं झबलं वरून चढवलं तर गुदमरून मरेल ते. तूच बांध ना तिकडं कुणाच्या तरी गळ्यात. नाही जमलं तर राहू दे. नुसती रीत आहे."

नुसती रीत आहे.

रविवारी सकाळी गोळ्या बांधायला रुमाल हवा म्हणून झूराकाननं पेटी उघडली. तळाशी, सासूच्या उरलेल्या कापडाखाली, दुसरं झबलं होतं. ते तिथं आहे हे तिला माहीत होतं. पेटी उघडताना दर वेळी माहीत असायचं.

चौतीस वर्षांपूर्वी ती कापडगिरणीत होती, गिरणीच्या वसतिगृहात राहायची. पहिली मुलगी झाली. मेरिम. चाळिसाव्या दिवशी झूराकानला गिरणीत कामाची पाळी होती. सासू डोंगरात, मेंढ्यांबरोबर. वसतिगृहात कुत्रा पाळायला बंदी. पाळीवरून आली तेव्हा उभ्या उभ्या झोप येत होती. तिनं बाळाच्या अंगावरचं झबलं काढलं, बाकीच्या कपड्यांबरोबर धुतलं, वाळवलं, आणि घडी करून ठेवलं. येत्या रविवारी बघू म्हणाली. येत्या रविवारीही पाळी होती. मग हिवाळा आला, मग दात आले, मग पाऊल आलं, आणि झबलं घडीतच राहिलं. मेरिम दीड वर्षाची असताना फुप्फुसांत पाणी झालं आणि ती गेली.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं. झूराकानला ठाऊक होतं, फुप्फुसंच. वसतिगृहाच्या भिंतींना ओल होती, हेही ठाऊक होतं. तरी प्रसूतिगृहात बाळांची दुपटी यंत्रात टाकताना अजूनही एखाद्या दिवशी हात थांबायचा. किती छोटंसं काम होतं. कुत्रा शोधायचा, एक गाठ मारायची.

एर्मेकच्या वेळी तिनं चूक केली नाही. शेजारच्या गावातल्या कुत्र्यापर्यंत ती बाळंतीण पायी गेली होती.

तिनं पेटी बंद केली.

दहा वाजता गल्लीतली पोरं जमली. शेजारची सोनुनबुबू खुर्ची घेऊन पाटाकाठी बसली; तिला कुठल्याही कार्यक्रमाला खुर्ची लागायची आणि मत द्यायला आमंत्रण लागायचं नाही.

"हे कुत्रं आणलंस की गादी?" तिनं विचारलं.

"श्काफ आहे त्याचं नाव."

"कपाट! मग बरोबर. हलणारच नाही जागचं. आणि कान कसले हे? एक दिल्लीला, एक—"

"सोनुनबुबू, तू दिल्ली कधी पाहिलीस?"

"सिनेमात पाहिली. विषय बदलू नकोस. माझ्या नवऱ्याला सांग, देईल कापून. कान लोंबणारा कुत्रा राखण काय करणार?"

"राहू दे कान. ह्या घरात भिंतींशीच बोलत असते मी. निदान ऐकणारं कुणी असू दे."

श्काफ जर्दाळूखाली पोट जमिनीला टेकून बसला होता. पोरांच्या गलक्यानं त्याचे डोळे पांढरे झाले होते. झूराकान त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली. झबल्यात गोळ्या आणि बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, भरून तिनं गाठोडं केलं, आणि त्याला दोरी दिसू नये म्हणून बाह्याच एकमेकींत अडकवून त्याच्या गळ्यात गाठ मारली. तोंडानं सासूचे शब्द आपोआप आले, जात्यावर दाणे पडावेत तसे:

"बाळाचं दुखणं तुझ्या गळ्यात,
बाळाचं हसणं आमच्या पाळण्यात."

मग ती उठली आणि बाजूला झाली. "जा!"

श्काफ गेला नाही.

"हाड! हाड!" पोरं ओरडली. श्काफ आणखी सपाट झाला. एका मुलीनं पायानं जमीन आपटली. त्यानं नाक पंजांत घातलं. बादली नव्हती, म्हणून स्वतःमागंच लपला.

"सांगितलं नव्हतं?" सोनुनबुबू खुर्चीतून म्हणाली, पण मग तिचा आवाज उतरला, कारण ही थट्टेची गोष्ट नव्हती. "अगं झूराकान, तो पळाला नाही तर दुखणं जाणार कुठं? इथंच बसेल ना अंगणात."

झूराकाननं वर पाहिलं. सूर्य चिनारांच्या वर आला होता. चाळिसावा दिवस हाच. ह्याला येता रविवार नव्हता.

आधार हवा म्हणून ती फाटकाकडे चालू लागली. मागं पावलं वाजली. वळून पाहिलं तर श्काफ उठला होता, मान खाली, गाठोडं छातीवर लोंबतंय, आणि तिच्या टाचांच्या मागं येत होता. ती थांबली, तो थांबला. तिनं दोन पावलं टाकली, त्यानं दोन टाकली.

झूराकाननं घागऱ्याचा काठ मुठीत धरला आणि पळायला लागली.

एकोणसाठ वर्षांची बाई, सुजलेल्या पायांची, दोन्ही गुडघे वेगवेगळ्या वेळी दुखणारी. ती फाटकातून बाहेर पडली आणि पाटाच्या कडेनं पळाली, डोईचा रुमाल मानेवर घसरला, रबरी चप्पल एक मागं राहिली. तिच्यामागं पिल्लू, आधी भीत भीत, मग आपल्याला एवढे लांब पाय आहेत हे पहिल्यांदाच कळल्यासारखं, मोठ्या वेड्यावाकड्या उड्यांनी. त्याच्यामागं पोरं, आरडाओरडा, गोळ्यांचा पाऊस. शेवटच्या चिनाराशी तिला धाप लागली आणि ती खोडाला धरून उभी राहिली. पोरांनी श्काफला गाठलं, झबलं सोडवलं, गोळ्या वाटून घेतल्या. श्काफनं एक बोरसोक खाल्ला आणि आणखी आहे का म्हणून पोरांच्या मुठी हुंगू लागला.

एर्मेकचा फोन आला. "आपा, पळाला का?"

झूराकान अजून धापाच टाकत होती. मागून चप्पल घेऊन आलेल्या सोनुनबुबूनं फोन हिसकावला. "अरे, कुत्र्याचं काय विचारतोस? तुझी आई पळाली! घोड्यासारखी! तुझ्या पोराला आता शंभर वर्षं मरण नाही बघ!"

पलीकडं सून हसत होती. त्या हसण्यातच बाळाचा बारीक आवाज आला, चिडलेला, धट्टाकट्टा.

दुपारपर्यंत सगळे पांगले. अंगणात जर्दाळूची फुलं आणि गोळ्यांचे कागद पडले होते. झूराकान आत गेली, पेटी उघडली, आणि तळाचं झबलं घेऊन बाहेर आली. पिवळं पडलेलं, घडीच्या रेघांवर विरलेलं. तिनं त्यात उरलेली एक गोळी ठेवली. जर्दाळूखाली श्काफशेजारी बसून बाह्या एकमेकींत अडकवल्या. ह्या वेळी त्यानं मान स्वतःच पुढं केली.

"बाळाचं दुखणं तुझ्या गळ्यात," ती म्हणाली.

पुढची ओळ तिनं म्हटली नाही.

"जा," ती थोड्या वेळानं म्हणाली, अगदी हळू.

तो गेला नाही. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, त्या डोक्याचं सगळं वजन, आणि सुस्कारा टाकला. पाटाचं पाणी वाजत होतं. गोळीसाठी कुणी आलं नाही. ऊन अंगणाच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं तेव्हा झूराकाननं गाठ सोडली, गोळीचा कागद काढला आणि ती आपल्या तोंडात टाकली.

मग तिनं परात घेतली. आयुष्यभर यंत्रात हजारो कपडे धुतले होते. ही दोन झबली तिनं हातानं धुतली. साबण लावला, शिवणी अंगठ्यानं चोळल्या, तीन पाण्यांतून काढली, पिळली नाहीत, नुसती दाबली. जुन्याचा पिवळेपणा बराच गेला. जर्दाळूपासून भिंतीतल्या कडीपर्यंत दोरी बांधून तिनं ती वाळत घातली. श्काफ दोरीकडे बघून दोन पावलं मागं सरला. मग दोरी कुणाला बांधत नाही, नुसती कपडे धरून उभी राहते, हे त्याला दिसलं असावं. तो परत येऊन खाली बसला.

सोमवारी ती साडेचारला उठली. रश्श्यात नान भिजवला. अंधारातच फाटकातून निघताना तिला कागद आठवला, म्हणून मागं वळून अंगणातल्या दिव्याच्या उजेडात फोटो काढला. श्काफ ताटलीत तोंड घालून उभा होता, एक कान उभा, एक पडलेला. तिनं तो ताइसियाला पाठवला आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली.

ताइसिया जागीच होती. कुत्र्यांची खिचडी चढवायची वेळ. लगेच उत्तर आलं: "छान. चांगला खातोय. वर दोरीवर दोन झबली कशी? बाळं दोन आहेत?"

झूराकाननं फोटो मोठा करून पाहिला. खरंच, दोरीवर दोन होती, शेजारी शेजारी, वाऱ्यानं एकाच बाजूला कललेली. एकाच कापडाची, एकाच मापाची.

मिनीबस वळणावर दिसली. तिनं सुरकुतलेल्या बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं:

"एक नातवाचं. एक मुलीचं. मला मुलं दोन."

मग फोन खिशात ठेवला आणि हात वर करून मिनीबस थांबवली.